माळकरी वडिलांच्या गुडघ्यात ‘कृत्रिम हाड’ भरावे का?

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. कार्तिकी वारी करून परतताना खडीवरून त्यांची दुचाकी घसरली आणि डाव्या गुडघ्याखालच्या हाडाचा बाहेरचा भाग फुटून आत दबला. सांगलीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहून सांगितले, की दबलेला भाग उचलून प्लेट बसवावी लागेल आणि त्याखाली उरणारी पोकळी एक तर कमरेचे हाड काढून किंवा विकतच्या कृत्रिम हाडाने भरावी लागेल. कृत्रिम हाडाचे साधारण १८,००० रुपये वेगळे लागतील. वडील माळकरी आहेत. ‘ते हाड जनावराचे असते’ असे कोणी तरी सांगितल्यापासून ते ऑपरेशनच नको म्हणतात. माझे दाजी म्हणतात, की हा कंपन्यांचा धंदा आहे, स्वतःचे हाड केव्हाही चांगले. वडिलांना मधुमेह आहे, ते तंबाखूही खातात. सूज उतरली की येत्या आठवड्यात ऑपरेशन ठरले आहे. आम्ही काय करावे? गळ्यातली माळ काढावी लागेल का आणि आषाढीपर्यंत चालता येईल का, हे ते रोज विचारतात. – एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : सप्रेम नमस्कार.

एरवी या सदरात पत्रांना आलेल्या क्रमाने उत्तरे दिली जातात; शस्त्रक्रिया आठवड्यावर आलेली असल्यामुळे तुमचे पत्र मी पुढे घेतले आहे. तेव्हा आधी उत्तर सांगतो आणि मग त्यामागची कारणे. तुम्ही कळवलेल्या माहितीवरून तुमच्या वडिलांच्या गुडघ्यातील पोकळीसाठी पूर्णतः कृत्रिम पदार्थ वापरणे मला योग्य वाटते. त्यात जनावराचा कोणताही अंश नाही, याची खात्री शस्त्रक्रियेपूर्वी कागदावर करून घेता येते. मात्र हे १८,००० रुपये उभे करण्यासाठी व्याजाने पैसे काढावे लागणार असतील, तर कमरेचे हाड वापरायला सांगण्यात काहीही कमीपणा नाही. तोही मार्ग दशकानुदशके वापरलेला आहे. अर्थात मी वडिलांचा गुडघा तपासलेला नाही आणि त्यांचे फोटोही पाहिलेले नाहीत, म्हणून अखेरचा शब्द तुमच्या सर्जनचाच राहील.

गुडघ्याच्या खाली नडगीचे जे हाड सुरू होते त्याचा माथा सपाट असतो आणि मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोके त्यावर टेकलेली असतात. वर पातळ पण टणक कवच आणि आत जाळीदार, काहीसे मऊ हाड अशी या माथ्याची घडण असते. पडताना गुडघ्याला बाहेरच्या बाजूने हिसका बसला, की मांडीच्या हाडाचे टोक त्या कवचावर घणासारखे आदळते, कवचाचा तुकडा खाली रुततो आणि त्याच्याखालची जाळी चिरडली जाते. ओल्या मातीत टाच रुतावी तसा हा प्रकार असतो. टाच उचलली तरी खळगा आपोआप भरत नाही, कारण खालची माती दाबून बसलेली असते. १९७९ मध्ये टोरांटोच्या जोसेफ शॅट्झकर यांनी या जागेच्या अस्थिभंगांचे सहा प्रकार पाडले. तुमच्या वर्णनावरून वडिलांचा अस्थिभंग त्यांतील दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे बाहेरचा कप्पा उभा चिरलेला आणि त्यातच दबलेला असा असावा. स्कॅनच्या अहवालावर किंवा केसपेपरवर तसे लिहिले आहे का ते पाहा.

शस्त्रक्रियेत सर्जन चिरलेला भाग पुस्तकाच्या पानासारखा उघडतो किंवा थोडे खाली हाडाला लहानशी खिडकी पाडतो, तीतून बोथट टोकाचा दांडा आत सरकवतो आणि सी-आर्मच्या, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर नजर ठेवून हलक्या हाताने ठोकत दबलेला तुकडा वर आणतो. पडद्यावरची सांध्याची तुटलेली रेघ एकेका ठोक्याने सरळ होत जाते. ती पूर्ण जुळली, की भूल देणारे डॉक्टरसुद्धा क्षणभर मान वळवून पाहतात, इतके ते काम नाजूक आणि देखणे असते. पण तुकडा वर आला म्हणजे त्याच्याखाली रिकामी जागा उरतेच. ही जागा बहुधा दोन-तीन चहाचे चमचे भरतील एवढीच असते, आणि सारा प्रश्न तेवढ्याच जागेचा आहे. ती तशीच सोडली, तर वजन पडू लागल्यावर उचललेला तुकडा पुन्हा खाली बसण्याचा धोका राहतो. तुकड्याच्या खालून आडवे स्क्रू एकमेकांशेजारी, छताखाली वासे टाकावेत तसे टाकलेले असतात. भार मुख्यतः ते पेलतात, आणि पोकळीतला भराव त्यांना साथ देतो.

आता हा भराव नेमके काय करतो, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण ‘कृत्रिम हाड’ हा शब्दच थोडा फसवा आहे. कमरेचे हाड, म्हणजे खुब्याच्या वर हाताला लागते त्या कडेचे हाड, जेव्हा काढून भरले जाते तेव्हा त्याच्याबरोबर तीन गोष्टी जातात : हाड तयार करणाऱ्या जिवंत पेशी, आजूबाजूच्या पेशींना ‘इथे हाड बनवा’ असे सांगणारी प्रथिने, आणि नवे हाड ज्यावर चढेल ती जाळी. विकतच्या कृत्रिम पदार्थात सहसा तिसरीच गोष्ट असते. तुम्ही तासगावकडच्या आहात, तेव्हा द्राक्षबागेच्या मांडवाचे उदाहरण पुरे. मांडवाला द्राक्षे लागत नाहीत. तो वेलाला चढायला आधार देतो, आणि वेल मात्र जमिनीतूनच यावा लागतो. तुमच्या वडिलांच्या जखमेत ही जमीन चांगली आहे. नडगीच्या माथ्याच्या जाळीदार हाडाला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि पोकळी चहूबाजूंनी जिवंत हाडाने वेढलेली असते, त्यामुळे पेशी आणि संदेश बाहेरून आणावे लागत नाहीत. म्हणूनच इथे नुसता मांडव पुरतो. वर्षभर न जुळलेले, टोके पांढरी पडलेले नडगीचे हाड असते, तर मी तुम्हाला याच्या उलट सल्ला दिला असता.

हाडाची पोकळी परक्या पदार्थाने भरण्याची कल्पना नवी नाही. १८९२ मध्ये जर्मनीत ड्रीसमान यांनी हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या होत्या. आपल्याकडे गणपतीच्या मूर्ती ज्याच्या होतात तेच हे रसायन, फक्त वैद्यकीय वापरासाठी अतिशुद्ध आणि निर्जंतुक केलेले. १९२० मध्ये अमेरिकेत फ्रेड आल्बी यांनी कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या संयुगाचा प्रयोग केला. १९६९ मध्ये लॅरी हेंच यांनी फ्लोरिडात हाडाला घट्ट चिकटणारी काच बनवली, आणि त्या शोधाची सुरुवात, त्यांच्याच सांगण्यानुसार, व्हिएतनामहून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याशी बसमध्ये झालेल्या गप्पांतून झाली. जखमी सैनिकांचे शरीर धातू आणि प्लास्टिक स्वीकारत नाही, मग शरीराला चालेल असे काही तुम्ही लोक का बनवत नाही, असे तो त्यांना विचारत होता. १९८०च्या दशकात ब्राऊन आणि चाऊ यांनी पाण्यात कालवल्यावर शरीरातच घट्ट होणारे कॅल्शियम फॉस्फेटचे सिमेंट तयार केले.

आज दुकानात नावे शेकड्याने असली, तरी आतला माल या मोजक्या घराण्यांतलाच असतो, आणि त्यांच्यातला खरा फरक विरघळण्याच्या वेगाचा आहे. प्लास्टरच्या जातीचे दाणे दीड ते तीन महिन्यांत बहुतेक संपून जातात. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट साधारण सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत हळूहळू झिजते आणि त्याची जागा तुमचे स्वतःचे हाड घेत जाते. हायड्रॉक्सीअपॅटाइट मात्र वर्षानुवर्षे तिथेच राहते. आपल्या हाडाच्या वजनाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग खनिजाचा असतो आणि ते खनिज याच कुळातले असते, त्यामुळे ते राहिल्याने काही बिघडत नाही. कितीतरी पुड्यांत या दोघांचे मिश्रण असते, म्हणजे एक भाग झिजून जागा करून देतो आणि दुसरा आधार धरून ठेवतो. मांडव वेल सावरण्याआधीच मोडला तर वेल कोसळतो, म्हणून सांध्याखालच्या, भार घेणाऱ्या पोकळीत फार लवकर विरघळणारा पदार्थ एकटाच वापरणे मला स्वतःला पटत नाही. दाण्यांत केसाच्या जाडीहून थोडी मोठी आणि एकमेकांना जोडलेली छिद्रे असावी लागतात, कारण त्यांतूनच बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात.

तुमच्या दाजींच्या म्हणण्याकडे येतो. स्वतःचे हाड सर्वांत चांगले, हे वाक्य शिकवणीत आम्हीही पाठ केले आणि विद्यार्थ्यांना शिकवले. जैविक दृष्टीने ते खरेही आहे. पण चांगले म्हणजे कशासाठी चांगले, हे त्याला जोडून विचारले पाहिजे. २००८ मध्ये रसेल आणि लेटन यांनी नेमक्या याच अस्थिभंगावर अनेक रुग्णालयांत मिळून केलेली तुलना प्रसिद्ध केली. नडगीच्या माथ्याचे १२० अस्थिभंग घेऊन, कोणाला काय भरायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून, काहींच्या पोकळीत कमरेचे हाड आणि काहींच्या पोकळीत कॅल्शियम फॉस्फेटचे सिमेंट भरले गेले. हाड जुळण्याच्या वेळेत फरक पडला नाही. परंतु तिसऱ्या महिन्यापासून वर्षापर्यंतच्या काळात उचललेला तुकडा पुन्हा खाली बसण्याचे प्रमाण कमरेचे हाड भरलेल्यांतच जास्त दिसले. याचे कारण कळण्यासारखे आहे. कमरेतून काढलेले हाड जाळीदार आणि मऊ असते, कितीही ठासून भरले तरी ते दबते, तर घट्ट झालेले सिमेंट दाबाखाली टिकते. इथे एक बारकावा लक्षात ठेवा, की ही तुलना सिमेंटबद्दल होती, सुट्या दाण्यांबद्दल नव्हती. दाण्यांना स्वतःची अशी फारशी ताकद नसते आणि ते वापरले तर स्क्रूंवरची भिस्त वाढते. तुमचे डॉक्टर यांपैकी काय वापरणार आहेत, हे जरूर विचारा. आणखी एक गैरसमज आत्ताच दूर करतो : सांधा बदलताना वापरतात ते ‘बोन सिमेंट’ म्हणजे हे सिमेंट नव्हे. ते एक प्रकारचे प्लास्टिक असते, घट्ट होताना तापते आणि त्याचे कधीही हाड होत नाही.

कमरेचे हाड काढण्याची किंमतही असते, फक्त ती बिलावर दिसत नाही. माझ्या निवासी डॉक्टरीच्या दिवसांत आम्ही जवळजवळ प्रत्येक वेळी कमरेचेच हाड घेत असू, कारण दुसरे काही परवडण्याजोगे नव्हतेच. फेरतपासणीला येणारे रुग्ण कुबड्या टेकत आत येत आणि ज्या पायावर मुख्य शस्त्रक्रिया झाली त्याबद्दल अवाक्षर न काढता धोतराची गाठ सैल करून खुब्यावरची खूण दाखवत. ‘साहेब, पाय बरा हाय, पर ही कंबर काय केलीसा?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की पुढे पुढे मी तो शस्त्रक्रियेआधीच स्वतः सांगू लागलो. बहुतेकांचे ते दुखणे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जाते; थोड्यांचे रेंगाळते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाणारी एक नस त्या वाटेवर असते आणि ती दुखावली तर तळहाताएवढी जागा बधिर राहते किंवा तिथे चुरचुरते. मधुमेह असलेल्या माणसाला दुसरी जखम करणे म्हणजे जंतुसंसर्गाला आणखी एक दार उघडून देणे होय. वडिलांच्या बाबतीत माझा कल कृत्रिम पदार्थाकडे झुकतो, त्याला हे एक मोठे कारण आहे.

धंद्याचा आरोप मात्र मी झटकून टाकणार नाही. २००२ मध्ये अमेरिकेत हाड तयार करायला लावणारे एक प्रथिन मणक्याच्या एका ठरावीक शस्त्रक्रियेसाठी मंजूर झाले, आणि त्याचा इतका गाजावाजा झाला, की मंजुरी नसलेल्या ठिकाणीही ते सर्रास वापरले जाऊ लागले. मानेच्या मणक्यात वापरल्यावर घशाला सूज येऊन श्वास अडकण्याचे प्रकार घडले आणि २००८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. आपल्याकडेही छिद्रासारख्या पोकळीत महागडी पुडी रिकामी केलेली मी पाहिली आहे. तुमच्या वडिलांना असल्या प्रथिनाची गरज नाही, आणि कोणी तसे सुचवलेच तर ‘ते नसले तर काय बिघडेल’ असा साधा प्रश्न विचारा. दोन-तीन चमच्यांची पोकळी असताना मोठी पुडी का लागते, हेही विचारता येते. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. रुग्णालय सरकारी योजनेत असेल, तर हा खर्च पॅकेजमध्येच धरला आहे का, याची चौकशी आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाकडे, पैसे भरण्यापूर्वी करा, नंतर नको.

आता वडिलांच्या मनातला प्रश्न, जो मला या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘ते हाड जनावराचे असते’ असे ज्यांनी सांगितले ते पूर्ण खोटे बोललेले नाहीत. गायीबैलांच्या हाडांवर प्रक्रिया करून, त्यातला सगळा जैव अंश जाळून-धुऊन उरलेले खनिज विकले जाते आणि दातांच्या शस्त्रक्रियांत ते बरेच वापरतात. काही पदार्थ समुद्रातल्या पोवळ्यांपासून बनतात. काही पट्ट्या आणि लगद्यासारखे पदार्थ मुळात कृत्रिम असूनही त्यांना चिवटपणा यावा म्हणून कोलॅजेन नावाचे प्रथिन मिसळलेले असते, आणि ते बहुधा गुरांचे असते. मानवी दात्यांचे हाडही मिळते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून अशी ऊतीपेढी आहे, जिथे दान केलेले हाड किरणोत्साराने निर्जंतुक करून ठेवतात. या सर्वांहून वेगळी अशी जी घराणी मी वर सांगितली, म्हणजे ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, प्रयोगशाळेत घडवलेले हायड्रॉक्सीअपॅटाइट, प्लास्टरच्या जातीचे दाणे आणि जैवकाच, ती रसायनांपासून भट्टीत तयार होतात आणि त्यांत कोणत्याही प्राण्याचा संबंध येत नाही. अडचण अशी आहे, की बोलीत डॉक्टर, परिचारिका आणि औषध विक्रेते या सगळ्यांना मिळून ‘बोन ग्राफ्ट’ एवढेच म्हणतात, आणि ‘पुट्टी’ या शब्दावरून तर आत काय आहे याचा काहीच पत्ता लागत नाही.

म्हणून तोंडी आश्वासनावर थांबू नका. वडील मांसाहार करीत नाहीत आणि त्यांना प्राणिजन्य पदार्थ चालणार नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि भरावाच्या पदार्थाचे नाव व तो पूर्णतः कृत्रिम असल्याची नोंद संमतीपत्रावर करायला सांगा. शक्य असेल तर खोका आदल्या दिवशी पाहून घ्या. त्यावर आतल्या पदार्थाचे रासायनिक नाव, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. शरीरात राहणारी अशी उपकरणे २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांच्या कक्षेत येतात. खोक्यात छोटी चिकटपट्टीची लेबले असतात. त्यांतले एक केसपेपरवर लागते आणि एक तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लावून मागा. पुढे काही तक्रार उद्भवलीच, तर उपकरणांपासून झालेल्या अपायांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून सुरू आहे, आणि त्यासाठी हे लेबलच कामी येते.

खरे सांगायचे, तर एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही तरीही मी ती लपवणार नाही, कारण नंतर कळली तर वडिलांना फसवल्यासारखे वाटेल. पायाच्या अशा शस्त्रक्रियेनंतर शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर जी इंजेक्शने देतात, त्यांतील नेहमीची हेपॅरिनच्या जातीची औषधे डुकराच्या आतड्यापासून काढलेली असतात. प्रयोगशाळेत बनवलेली पर्यायी औषधे उपलब्ध आहेत. ती वडिलांच्या मूत्रपिंडाला आणि एकूण प्रकृतीला चालतील का, हे त्याच भेटीत विचारून घ्या, आणि पर्याय चालणार नसेल तर डॉक्टरांचे ऐका. गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जातो. वडिलांशी हे बोलताना घाईने पटवण्याचा प्रयत्न करू नये असे मला वाटते. शक्य असेल तर फडावरच्या, ते ज्यांचे मानतात अशा एखाद्या महाराजांना किंवा दिंडीतल्या ज्येष्ठाला सोबत घेऊन बसा. माझ्या अनुभवात माळकरी रुग्ण हट्टी नसतात, त्यांना फक्त अंधारात ठेवलेले चालत नाही.

पोकळीत काय भरायचे यावर घरात जेवढी चर्चा झाली आहे, त्याच्या निम्मी तंबाखूवर झाली असती तर मला अधिक आनंद झाला असता. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि मांडवावर चढणारा वेल म्हणजे शेवटी रक्तवाहिन्याच असतात. विडी ओढली काय, तंबाखू मळून गालात धरली काय किंवा मशेरी लावली काय, निकोटिन रक्तात जातेच. १८,००० रुपयांचा पदार्थ भरून वर दिवसातून आठ वेळा चिमूट लावणे, म्हणजे बागेला ठिबक बसवून नळ बंद ठेवण्यासारखे आहे. आजपासून ते हाड जुळेपर्यंत, म्हणजे किमान तीन-चार महिने, पूर्ण बंद. साखरेचेही तसेच. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी झाली नसेल तर करून घ्या आणि ती फार वाढलेली निघाली तर फिजिशियनचा सल्ला शस्त्रक्रियेपूर्वीच घ्या. सूज उतरण्याची वाट पाहण्याचा हा आठवडा त्यासाठी वापरता येतो. गुडघ्यावरच्या कातडीला पुन्हा सुरकुत्या दिसू लागल्या, की सर्जन टाके घालायला राजी होतो. त्याआधी घाई केली तर जखम उकलते, म्हणून ‘डॉक्टर उगाच लांबवतात’ असे मनात आणू नका.

शस्त्रक्रियेनंतर दोन गोष्टींनी तुम्ही घाबराल, त्या आधीच सांगून ठेवतो. पहिली म्हणजे, प्लास्टरच्या जातीचे दाणे वापरले असतील तर काही रुग्णांच्या जखमेतून काही दिवस पांढुरके पाणी झिरपते. एका रुग्णाच्या मुलाने रात्री अकराला मला फोन करून ‘पू येतोय’ म्हणून सांगितले होते आणि मीही धावत गेलो होतो. तो विरघळलेला पदार्थ होता आणि थोड्या दिवसांत आपोआप थांबला. तरीही पाणी आणि पू यांतला फरक घरी बसून ठरवू नका. ताप, लाली, वाढते दुखणे किंवा वास यांपैकी काहीही असले तरी त्याच दिवशी दाखवा, आणि नुसते पाणी आले तरी फोन करा. दुसरी गोष्ट एक्स-रेची आहे. सहा महिन्यांनी काढलेल्या फोटोत प्लेटच्या शेजारी पांढरे दाणे जसेच्या तसे दिसतील आणि कोणी तरी म्हणेल, की ‘हे तर जुळलेच नाही.’ हायड्रॉक्सीअपॅटाइट असेल तर ते दाणे दहा वर्षांनीही दिसू शकतात. आपण पाहायचे ते दाण्यांच्या कडा. सुरुवातीला त्या रेखीव आणि सुट्या दिसतात, पुढे त्या भोवतालच्या हाडात मिसळून पुसट होत जातात. तसे होत असेल तर काम चालले आहे असे समजावे. शरीर हा पदार्थ ‘परका’ म्हणून बाहेर टाकील, ही भीती या खनिजांच्या बाबतीत बाळगण्याचे कारण नाही, आणि एवढ्याशा कॅल्शियमने मुतखडा होत नाही.

भराव कोणताही असो, पहिले सहा ते बारा आठवडे त्या पायावर पूर्ण वजन टाकता येणार नाही; नेमके किती, ते सर्जन एक्स-रे पाहून ठरवतील. सिमेंट घातले आहे म्हणून दुसऱ्या आठवड्यात शेतावर चालत गेलेले आणि उचललेला तुकडा पुन्हा खाली दबवून आलेले लोक मला माहीत आहेत. गुडघा वाकवणे मात्र लवकर सुरू करायचे असते, दुखले तरी, कारण आखडलेला गुडघा सोडवणे हाड जुळवण्यापेक्षा अवघड जाते. कुबड्या दोन घ्या आणि त्या वापरायची सवय शस्त्रक्रियेआधीच करून घ्या. घरात उकिडवे बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा.

आषाढी कार्तिकीपासून साधारण आठ महिन्यांवर येते. सगळे सुरळीत झाले तर तोवर वडील काठीशिवाय चालत असतील अशी आशा ठेवायला हरकत नाही. पण आळंदीपासून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर रोज ठरल्या वेळी कापणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल आज कोणी शब्द दिला तर तो मी मानणार नाही. मे महिन्याच्या अखेरीस एक्स-रे काढून आणि गुडघा किती वाकतो हे पाहून सर्जनना विचारा. तोवर रोजच्या चालण्यात दोन-तीन किलोमीटर विनासूज जमत असतील, तर वाखरीपासूनचा शेवटचा टप्पा पायी आणि बाकीचा दिंडीच्या ट्रकने, असा तोडगा निघू शकतो.

माळ काढावी लागणार नाही. ही शस्त्रक्रिया बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन होते, गळ्याकडे काही करायचे नसते आणि तुळशीचे मणी लाकडी असल्यामुळे विजेच्या उपकरणांचा त्यांना त्रास होत नाही. पूर्ण भूल द्यायची ठरली तर आमच्याकडे माळ मनगटावर गुंडाळून वर चिकटपट्टी लावतात. फक्त ती तांब्याच्या किंवा चांदीच्या तारेत ओवलेली असेल, तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना दाखवून घ्या, आणि त्याच संध्याकाळी घरी तीच माळ दोऱ्यात ओवून द्या.